१/२४ ची क्रॉलर चढावर मागे उलटते, आधी काय बदलू?

टेकडीवाला:
मंडळी, पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. गेल्या दिवाळीत ॲक्सियलची एससीएक्स२४ घेतली, म्हणजे रिमोटवर चालणारी, दगडांवर हळूहळू चढणारी क्रॉलर, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची, जीप रँग्लरची बॉडी असलेली. घरात उशा, पुस्तकं, पाट सगळ्यावरून मस्त चढायची म्हणून हौस वाढली आणि आता दर रविवारी सकाळी मी आणि लेक तिला वेताळ टेकडीवर घेऊन जातो. जुन्या खाणीच्या बाजूला काळे फुटके दगड पडलेत, त्यात गुडघ्याएवढा एक आहे त्याला लेक 'आजोबा' म्हणते. तर या आजोबांच्या निम्म्यावर गाडी गेली की पुढची चाकं हवेत आणि धप्पकन पाठीवर. दर वेळी तिथेच. चार महिने झाले.
गाडी अजून जशी खोक्यातून आली तशीच आहे. बजेट तीन हजार, तेही टप्प्याटप्प्यानं. एक मित्र म्हणतो जास्त ताकदीची ब्रशलेस मोटर टाक, दुसरा म्हणतो पितळी चाकं घे. आधी काय करू?

कोल्हापुरी_गडी:
पयली गोष्ट म्हंजे आजोबांना नमस्कार करून चढवा की वो गाडी! लै भारी धागा. वाचतोय.

खटपट्या:
मोटरला अजिबात हात लावू नका. गाडी मागे उलटते याचा अर्थच असा की ताकदही पुरतेय आणि टायर दगड धरतायत. ताकद कमी असती तर जागीच थांबली असती, पकड नसती तर चाकं गरागरा फिरून खाली घसरली असती. तुमचा प्रश्न वजनाचा आहे.
आज रात्री एक काम करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. पुढची दोन चाकं काट्यावर आणि मागची दोन काट्याच्याच उंचीच्या पुस्तकांवर, गाडी आडवी सपाट राहिली पाहिजे. आकडा लिहून घ्या. मग उलटं करा. बॅटरी आत ठेवूनच मोजा. आकडे इथे टाका, मग बोलू.

टेकडीवाला:
मोजलं. पुढे १३२, मागे १२६. म्हणजे एकूण पावशेराच्या जरा वर. पुढे जास्तच आहे की मग?

खटपट्या:
सपाटीवर जास्त आहे हो, पण चढावर तेच वजन मागे सरकतं. क्रॉलरला पुढे साधारण साठ टक्के आणि मागे चाळीस असं लागतं. तुमचं एक्कावन-एकोणपन्नास आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते वजन कुठल्या उंचीवर आहे. बॅटरी, मोटर, सर्किट, बॉडी सगळं वरच्या मजल्यावर. खाली ॲक्सलमध्ये नुसतं प्लॅस्टिक.

गणिताची_ताई:
खटपट्यांच्या म्हणण्याला आकडे जोडते, शाळेत शिकवते त्यामुळे राहवत नाही. या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १३३ मिमीच्या आसपास आहे. गुरुत्वमध्य बरोबर मधे धरला तर मागच्या चाकापासून ६६ मिमी पुढे. त्याची जमिनीपासून उंची समजा ४५ मिमी. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेमागे गेला की गाडी उलटणार, ते होतं साधारण ५५-५६ अंशाला. आता वजन पुढे साठ टक्के करा, म्हणजे गुरुत्वमध्य ८० मिमी पुढे, आणि खाली पितळ घालून उंची ३५ वर आणा. उलटण्याचा कोन जातो ६६ अंशांवर. दहा अंश मिळाले, मोटर न बदलता.
प्रत्यक्षात गाडी हलत असते, शॉक ॲब्सॉर्बर मागे दबतात, त्यामुळे त्याआधीच उलटते. पण फरक साधारण तेवढाच राहतो. उंची मी अंदाजे धरलीय, टेकडीवाल्यांनी गाडी कडेवर उभी करून तोल कुठे जातो ते पाहिलं तर खरी कळेल.

भोसरीकर:
ताईंचं गणित पटलं. मी टर्नर आहे, लेथवर दिवस जातो, म्हणून पितळावर बोलतो. पितळाची घनता साधारण ८.५, ॲल्युमिनियमची २.७. म्हणजे त्याच मापाचा तुकडा तिप्पट जड. आणि जागा तर मुंगीएवढी असते, त्यामुळे इथे ॲल्युमिनियमचे चमकणारे पार्ट घेण्यात काही अर्थ नाही, पैसे घालवू नका. लोक रंग बघून घेतात आणि मग म्हणतात फरक पडला नाही.
पितळ कुठे लावायचं, तर पुढच्या ॲक्सलला. नकल, म्हणजे चाक ज्याच्यावर वळतं तो भाग, दोन्ही बाजूंना. मग डिफचं, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या पेटीचं झाकण. मग चाकाच्या आत रिंग. हे सगळं शॉकच्या खाली येतं, म्हणून गाडी कितीही डुलली तरी हे वजन दगडाला चिकटून राहतं. मागच्या ॲक्सलला काहीही लावू नका, निदान सुरुवातीला.
मी माझ्यासाठी रिंगा स्वतः काढल्या. कारखान्यात बुशच्या कामातून पितळी गोलाचे तुकडे उरतात, मालकांना विचारून घेतले. रिमचा आतला व्यास मोजला, वर्निअरनं, तीनदा मोजला, आणि जेवणाच्या सुट्टीत चार रिंगा काढल्या. पहिल्या दोन अर्ध्या मिमीनं मोठ्या झाल्या, पुन्हा लेथवर घेऊन घासल्या. एक रिंग २२ ग्रॅमची. रिममध्ये बसताना जो टक् असा आवाज आला ना, तो अजून कानात आहे.

मी_सातारकर:
ज्याला लेथ नाही त्यानं काय करायचं? माझा उपाय: व्हील बॅलन्सिंगवाल्याकडे ५ आणि १० ग्रॅमच्या चिकटपट्टीच्या वजनांच्या पट्ट्या मिळतात. टायर काढून रिमवर गोल चिकटवायच्या, वरून टायरच्या आतला फोम आणि टायर. अगदी किरकोळ पैशात काम होतं.

निशाचर:
सातारकर, त्यातल्या बऱ्याच पट्ट्या शिशाच्या असतात. टेकडीवाल्यांची लेक हाताळणार आहे. लोखंडी मागा, त्याही मिळतात, चुंबक लावून बघितलं की कळतं. शिशाची असलीच तर हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

मी_सातारकर:
बरोबर आहे, हे डोक्यात आलं नव्हतं. माझ्याकडच्याही तपासतो.

रानवाटा:
सगळे वजन आणि अंश करताय, पण माझं मत थोडं वेगळं आहे. क्रॉलिंगमध्ये मला गाडी खरी दिसण्यात गंमत वाटते. माझ्या काकांकडे महिंद्राची एमएम५४० होती, घाटात लाकडं आणि माणसं दोन्ही वाहायची. ती मी १/२४ मध्ये केली. पॉलिस्टायरिनची शीट, एक मिमीची, कापून कापून बॉडी. ताडपत्रीला जुन्या छत्रीचं कापड. मागे दोरीनं बांधलेलं स्टेपनीचं चाक, वर कॅरिअर, कॅरिअरवर काड्यांची मोळी, पाण्याचा कॅन. चढावर उलटते, मान्य. पण ती उलटते तिथून मी दुसरी वाट शोधतो, काका शोधायचे तशी. फोटो टाकलाय.

खटपट्या:
रानवाटा, फोटो बघितला, छत्रीच्या कापडाची शिवण तर अप्रतिम. पण मोळी आणि कॅन मिळून किती वजन आहे? तेवढं छपरावर आहे म्हणजे पुढच्या ॲक्सलवर घातलेलं पितळ निम्मं वाया.

रानवाटा:
३१ ग्रॅम. मोळी काढणार नाही.

गणिताची_ताई:
मोळी काढू नका. मोळीच्या जागी बाल्साचा किंवा थर्मोकोलचा गाभा करून वर खऱ्या काड्या नुसत्या चिकटवा. दिसायला तीच, वजन चौथाई.

रानवाटा:
हे मात्र करतो. थँक्यू ताई.

नागपूरचा_नंदू:
माह्या मनात येक प्रश्न आहे. खरी जीप तर पितळ लावून फिरत नाही, तरी चढते. मग हे लहान गाडीलेच काहून लागते?

गणिताची_ताई:
नंदू, मस्त प्रश्न. लांबी २४ पट कमी केली की वजन २४ गुणिले २४ गुणिले २४, म्हणजे १३,८२४ पट कमी होतं. दोन टनांची जीप अचूक लहान केली तर भरेल फक्त १४५ ग्रॅम. एवढ्याशा वजनाला टायरचं रबर दबतच नाही. खऱ्या जीपचा टायर हवा कमी केली की दगडाला मिठी मारतो, आपला टायर दगडावर गोटीसारखा उभा राहतो. म्हणून आपण वजन वाढवतो आणि आतला फोम मऊ करतो. उलट दगड मात्र मोठे होतात: १० सेंटिमीटरचा दगड या गाडीला २ मीटर ४० ची भिंत आहे. टेकडीवाल्यांचे आजोबा गुडघ्याएवढे, म्हणजे चार मजली इमारत.

नागपूरचा_नंदू:
बापा! चार मजली. आता समजलं.

टेकडीवाला:
लेकीला हे वाचून दाखवलं, ती आता आजोबांना 'बिल्डिंग आजोबा' म्हणायला लागलीय.

डेन्व्हरहून_मी:
फोमचा मुद्दा निघालाच आहे तर. मी मूळची नाशिकची, सध्या कोलोरॅडोत. इथून मोएबला जाणं होतं, युटामध्ये. तिथला स्लिकरॉक म्हणजे वालुकाश्म, सँडपेपरसारखा खरखरीत, टायर असा चिकटतो की विश्वास बसत नाही. माझी ट्रॅक्सस टीआरएक्स-४एम आहे, १/१८ ची, तिथे ती कशीही नेली तरी चढायची. सुट्टीत नाशिकला आणली, अंजनेरीच्या बाजूला काळ्या दगडावर ठेवली आणि पहिल्याच चढाला घसरली. आपला बेसाल्ट गुळगुळीत, त्यावर बारीक धूळ. तेव्हापासून दोन वेगळे टायर ठेवते. भारतात मऊ रबर, मऊ फोम, आणि टायरला भोकं पाडलेली, म्हणजे आत अडकलेली हवा बाहेर जाते आणि टायर बसतो.

तळकोकण:
बेसाल्टला नावं ठेवता, आमच्याकडे या. जांभ्यावर गाडी अशी चढते की काय सांगू, भोकाभोकांचा दगड, प्रत्येक भोकात टायरचा दात अडकतो. फक्त टायर खातो. एका मे महिन्यात माझ्या टायरचे दात अर्धे झाले. आणि पहिला पाऊस पडला की जांभा असो वा काळा, शेवाळ धरलं की खेळ संपला.

खटपट्या:
पावसावरून सांगतो. या गाडीचं सर्किट ओढ्यात घालण्यासाठी नाही. मागच्या जुलैमध्ये ओढ्यात उतरवली, पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंतच होतं, पण एका दगडावरून घसरून आडवी झाली आणि रिसीव्हर गेला. तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवून काही झालं नाही. आता पावसाळ्यात गाडी फक्त घरात. बेअरिंगना शिलाई मशीनच्या तेलाचा एक एक थेंब देतो आणि सुकं फडकं गुंडाळून ठेवतो.

मी_सातारकर:
स्क्रूबद्दल कुणी बोललं नाही. सगळीकडे निळं थ्रेडलॉक लावा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा तो डिंक, दर रविवारी एक स्क्रू टेकडीवर हरवतो माझा.

भोसरीकर:
सगळीकडे नको!! थ्रेडलॉक धातूत धातूचा स्क्रू असेल तिथेच. प्लॅस्टिकवर लागलं तर प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकतं. प्लॅस्टिकमधला स्क्रू ढिला झाला असेल तर उलटा फिरवून जुनी आटी सापडली की मगच हलक्या हातानं आवळायचा, नवीन आटी पाडायची नाही.

टेकडीवाला:
ठरवलं. पितळी नकल आणि डिफचं झाकण मागवलं, चाकांत लोखंडी पट्ट्या. रविवारी बघू.

निशाचर:
थांबा, एक गोष्ट राहिली. पुढे वजन वाढलं की कंपनीचा सर्वो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, हात टेकेल. चाकं दगडात अडकली असताना वळवायला गेलात की गुणगुणेल पण वळणार नाही. मी पितळ आधी घातलं आणि आठवड्यात सर्वोचे प्लॅस्टिकचे दाते गेले. सर्वो आणि पितळ एकत्रच करा.
इमॅक्सचा ईएस०८एमए टू बहुतेक जण वापरतात, धातूचे गिअर, १२ ग्रॅम, सहा व्होल्टला वळवण्याची ताकद साधारण दोन किलो-सेंटिमीटर. पण याला थेट बॅटरीचे ७.४ व्होल्ट देऊ नका, सहाच्या वर तो जळतो. सर्किटमधून येणारीच वायर वापरा.

कोल्हापुरी_गडी:
एमजी९० चालंल का? बुधवारात पासोड्या विठोबाजवळ कुठंबी मिळतो, पुण्याला आलो की घिऊन जातो.

निशाचर:
चालेल, पण त्यात डुप्लिकेट फार. दुकानात हातानं फिरवून बघा, दाते खडखडले तर ठेवून द्या. आणि कुठलाही घेतलात तरी बसवायला वेगळा माउंट लागतो. थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर पीएलए प्लॅस्टिकमध्ये करू नका, एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत ठेवलात तर वाकतो, साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. पीईटीजी प्लॅस्टिक सांगा.
बसवल्यावर रिमोटवर स्टिअरिंग रेट, म्हणजे चाकं किती वळतील ते, कमी करून ठेवा. चाक पूर्ण वळल्यावरही सर्वो ढकलत राहिला तर गरम होऊन मरतो. वळवा, गुणगुण थांबेपर्यंत रेट कमी करा, बस्स.

टेकडीवाला:
बरं झालं सांगितलंत. बजेट संपलं पण सर्वो घेतला. ब्रशलेसचा विषय आता वर्षभर नाही.

रानवाटा:
एक विनंती करू का, विषय थोडा वेगळा आहे. काही जण गडांवर जातात गाड्या घेऊन. तटाचे, बुरुजांचे, पायऱ्यांचे दगड क्रॉलिंगसाठी वापरू नका हो. पितळी चाक घसरलं की दगडावर पिवळा ओरखडा राहतो. मी एका पडक्या पायरीवर स्वतः बघितलाय तो, बोटानं पुसला तर जात नव्हता. माझ्याच गाडीचा होता. तेव्हापासून फक्त नदीपात्र, खाण, शेताचा बांध.

तळकोकण:
+१. देवळाच्या पायऱ्याही नकोत.

डेन्व्हरहून_मी:
पूर्ण सहमत. आणि नदीपात्र म्हणालात म्हणून, निघोजचे रांजणखळगे, कुकडी नदीचे. तिथल्या दगडाची वळणं बघून कुणाही क्रॉलरवाल्याच्या तोंडाला पाणी सुटेल. पण ते नुसते बघायचे, पाण्यानं हजारो वर्षं घासून केलेलं काम आहे. मी गाडी पिशवीतून बाहेरही काढली नाही. कडेला सुटे दगड भरपूर होते, तिथे तासभर खेळले.

नागपूरचा_नंदू:
बॅटरीचं कोणी सांगा ना. माही फुगून राहिली.

खटपट्या:
फुगली म्हणजे संपली नंदू, आता तिला चार्ज करू नका, ई-कचऱ्यात द्या, टोचू नका. नवीनसाठी लक्षात ठेवा: दोन सेलची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, एका सेलला भरल्यावर ४.२ व्होल्ट, खेळून ३.३ च्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि आठवडाभर ठेवायची असेल तर ३.८ वर ठेवायची. पूर्ण भरून कपाटात ठेवली की अशीच फुगते. ही ३५० एमएएचची चिमुकली बॅटरी पुढे, मोटरच्या वर किंवा शेजारी बसवता आली तर तेवढं वजनही पुढे येतं. मी वेल्क्रोनं बसवलीय.

गणिताची_ताई:
टेकडीवाले, रविवार होऊन गेला. काय झालं?

टेकडीवाला:
तेच लिहायला आलो. जरा मोठं लिहितो.
शनिवारी रात्री सगळं बसवलं. नकलचे स्क्रू इतके बारीक की लेकीनं चिमट्यानं धरले आणि मी फिरवले. काट्यावर ठेवली: पुढे २१४, मागे १३८. म्हणजे एकसष्ट टक्के. एकूण साडेतीनशे ग्रॅम. हातात घेतल्यावरच वेगळी लागते, नाक खाली जातं.
सकाळी साडेसहाला टेकडीवर. खाणीपाशी मोर ओरडत होते, दव होतं म्हणून दगड सुकेपर्यंत आठ वाजवले. पहिल्या प्रयत्नात तिथेच, त्याच जागी, पुढचं चाक उचललं गेलं. मी थ्रॉटल सोडला तर गाडी जागीच थांबली, पूर्वी अशी थांबली की मागे कलंडायची. चाक हळूहळू परत दगडावर टेकलं. मग लेक म्हणाली, बाबा तू घाई करतोस, मला दे.
तिनं डावीकडून घेतली. उभ्या भेगेत पुढचं डावं चाक अडकवलं, थांबली, उजवं किंचित वळवलं, थांबली, थोडा थ्रॉटल. सर्वो कण्हला पण वळला. मागचं उजवं चाक एका बोटाएवढ्या खपलीवर टेकून होतं, त्याचा टायर दबून चपटा झालेला स्पष्ट दिसत होता, ताई, तुम्ही म्हणालात तशी मिठी. आणि मग गाडी वर. अकरा मिनिटं लागली. ती ओरडलीच नाही, नुसती गाडीकडे बघत उभी राहिली.
तीनदा चढवली. चौथ्यांदा मी चढवायला गेलो तर उलटली, पण ती उजवीकडून, तिथे खरंच उभी भिंत आहे.

कोल्हापुरी_गडी:
वाघीण हाय वाघीण! पोरीला आमच्याकडनं शाबासकी द्या.

भोसरीकर:
वाचून डोळे भरले हो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चार पितळी रिंगा काढून पाठवतो, पट्ट्या काढून टाका. पैसे नकोत. तिच्या नावाचं अक्षर कोरून देतो आत, कुठलं ते कळवा.

टेकडीवाला:
दादा, काय बोलू. 'ई' कोरा. व्यनि केलाय. आणि रिमचा व्यास मीच मोजून पाठवू की तुमच्याकडचं माप चालेल?

भोसरीकर:
तुम्हीच मोजा. तीनदा.